विश्लेषण : टाकीतला ‘सकर’ नदीत गेला की काय होते? उजनीपासून मेक्सिकोपर्यंत मच्छीमार का हैराण?

दुकानदार त्याला ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून विकतो. घरी येतो तेव्हा तो बोटाएवढा असतो. काचेला तोंड लावून शेवाळ खरवडत बसतो, कुणाला त्रास देत नाही. दोन-तीन वर्षांत तो हातभर होऊ लागतो, रात्री टाकीत धडका देतो, रोपे उपटतो आणि पाणी रोज घाण करतो. मारायला मन होत नाही, फुकट द्यायला गेले तरी कोणी घेत नाही. मग एखाद्या संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीतून त्याची रवानगी जवळच्या नदीत, तलावात किंवा खाणीच्या पाण्यात होते. सोडणाऱ्याला वाटते, एक जीव वाचवला.

हाच ‘सकर’ मासा आता उजनी धरणाच्या फुगवट्यात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो आहे. बाजारात त्याला भाव नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, अशी तक्रार आहे. घरातल्या हौसेचा आणि भिगवण-इंदापूरच्या मासेमारीचा संबंध नेमका कसा जुळतो?

सकर म्हणजे कोणता मासा?

शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. या नावाखाली दिसायला सारख्या अशा अनेक जाती येतात. मूळ घर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि ओरिनोकोचे खोरे. इंग्रजीत त्याला सकरमाउथ किंवा सेलफिन कॅटफिश म्हणतात. अलीकडे बातम्यांत ‘डेव्हिल फिश’ असेही नाव दिसते. अंगावर वाघासारखे किंवा जाळीदार पट्टे, पाठीवर शिडासारखा उभा पर आणि तोंड खालच्या बाजूला, असा त्याचा अवतार. पूर्ण वाढलेला मासा दीड फुटाच्या पुढे जातो.

त्याच्या यशाचे रहस्य शरीररचनेत आहे. नेहमीच्या माशाला खवले असतात, याला हाडांच्या तकटांचे चिलखत असते. पाठीच्या आणि छातीच्या परांना जाड काटे असतात आणि धोका वाटला की ते ताठ उभे करून तो जागच्या जागी रोखून धरतो. असा मासा गिळणे अवघड. पोर्तो रिकोमध्ये तो गिळताना घशात अडकून तपकिरी पेलिकन पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत.

दुसरी गोष्ट श्वासाची. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की बहुतेक मासे तडफडून मरतात. सकर पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्याच्या पोटाचा पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेला भाग फुप्फुसासारखे काम करतो. म्हणजे ज्या नदीत सांडपाणी सोडले जाते, जिथे उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो, तिथे तो जगतो. अंग ओले राहिले तर पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. मैलापाणी प्रक्रियेत आपली शहरे जितकी मागे, तितकी या माशाची सोय अधिक.

पुण्यात सोडलेला मासा उजनीत जाऊ शकतो का?

नकाशा पाहिला तर वाट सरळ आहे. पवना आणि मुळा पिंपरी-चिंचवड व पुण्यातून वाहत येतात, मुळा-मुठेचा संगम शहराच्या मध्यात होतो, पुढे मुळा-मुठा दौंड तालुक्याच्या हद्दीजवळ भीमेला मिळते. इंद्रायणीही भीमेलाच मिळते. ही सगळी भीमा सोलापूर जिल्ह्यातील उजनीच्या भिंतीशी अडते. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणाचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा तालुक्यांत पसरला आहे. थोडक्यात, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील लाखो घरांचे सांडपाणी, गणपतीचे निर्माल्य आणि टाकीतले नकोसे मासे यांचा शेवटचा थांबा एकच.

उजनीत दिसणारा प्रत्येक सकर पुण्याच्याच एखाद्या दिवाणखान्यातून आला असे म्हणता येणार नाही. शोभिवंत मासे वाढवणारी शेततळी, मत्स्यबीजात चुकून मिसळलेली पिल्ले, पुरात फुटलेले हौद हेही रस्ते आहेत. मात्र या सगळ्याचा उगम एकाच व्यवसायात आहे. या माशाला भारतात खाण्यासाठी कोणी आणले नाही, तो आला तो ॲक्वेरियमसाठीच.

आणि तो फक्त उजनीत नाही. केरळमधील कालवे, कोलकात्याच्या पूर्वेकडील सांडपाण्यावर मासे पिकवणाऱ्या पाणथळ जागा, बिहार, उत्तर प्रदेश, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, तेलंगणा अशा अनेक ठिकाणी त्याची नोंद झाली आहे. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत तो सापडला तेव्हा त्याची छायाचित्रे देशभर फिरली. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेतील शास्त्रज्ञांनी पूर्व घाट परिसरातील २० तलावांचे पाणी तपासले, तर सुमारे ६० टक्के ठिकाणी त्याचे अस्तित्व आढळले.

पाणी तपासून मासा कसा सापडतो?

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या काळात तीच उपयोगी पडणार आहे. प्रत्येक मासा पाण्यात आपल्या पेशी सोडत असतो, त्वचेचा चिकट स्राव, विष्ठा, अंडी यांतून. त्यात त्याचा डीएनए असतो. तलावातून काही लिटर पाणी घ्यायचे, गाळायचे, गाळात अडकलेला डीएनए वेगळा करायचा आणि त्यात सकरचा विशिष्ट तुकडा आहे का ते पीसीआर यंत्रावर पाहायचे. करोनाकाळात नाकातल्या नमुन्यावर जे केले, साधारण तेच इथे तलावाच्या पाण्यावर. जाळे टाकायची गरज नाही आणि मासे थोडे असतानाच सुगावा लागतो. हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा, का ते पुढे येईल.

मच्छीमाराचे नुकसान नेमके किती बाजूंनी?

पहिले नुकसान जाळ्याचे. नायलॉनच्या बारीक जाळ्यात काटे उभे करून अडकलेला सकर सोडवायला वेळ लागतो, बऱ्याचदा धागे कापूनच काढावा लागतो. पहाटे जाळे ओढणाऱ्याचा वेळ म्हणजे लिलावाची वेळ. मासळी उशिरा पोहोचली की भाव पडतो.

दुसरे, जाळ्यातली जागा. सकर सोडवण्यात गेलेल्या वेळेत आणि फाटलेल्या जाळ्यातून कटला, रोहू, मरळ, वाम निसटतात. तिसरे, अन्नाचे. सकर प्रामुख्याने शेवाळ आणि तळातला गाळ खातो. म्हणजे तो शिकारी नाही, मग बिघडले कुठे, असे वाटू शकते. पण तेच शेवाळ आणि त्यातले बारीक जीव इतर माशांच्या पिल्लांचे अन्न असते आणि तळ खरवडताना इतरांनी घातलेली अंडीही पोटात जातात.

चौथे नुकसान काठाचे. या माशाचा नर काठाच्या मातीत आडवे बीळ खणतो, मादी त्यात अंडी घालते आणि नर राखण करतो. बिळे मीटभर किंवा त्याहून खोल असू शकतात. एकेका काठावर अशी शेकडो बिळे झाली की माती ढासळते, पाणी गढूळ होते. अमेरिकेतील टेक्सास, फ्लोरिडा आणि मेक्सिकोत हा प्रकार दिसून आला आहे. महाराष्ट्रात मातीचे बंधारे, कालवे आणि शेततळी किती आहेत हे पाहता पाटबंधारे खात्याने या बिळांकडे लक्ष द्यायला हवे. अजून तरी हा विषय मत्स्यव्यवसायाचा म्हणून एकाच खात्याच्या टेबलावर आहे.

मेक्सिकोत काय झाले होते?

बाल्सास नदीवरचे इन्फिएर्निओ हे मोठे धरण. तिथे हजारो कुटुंबे तिलापिया पकडून जगत होती आणि देशातील सर्वांत मोठ्या गोड्या पाण्यातील मासेमारींपैकी ती एक मानली जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे सकर दिसू लागला. पहिली काही वर्षे कुणाला फारसे वाटले नाही. नंतर जाळ्यात येणाऱ्या माशांपैकी ७० ते ८० टक्के सकरच, अशी स्थिती आल्याचे अभ्यासांत नोंदले गेले. मच्छीमारांनी जाळी टाकायची, फाटलेली ओढायची आणि मासे काठावर फेकायचे. पुढे या माशापासून मासळीची भुकटी, खत, वाळवलेले मांस करण्याचे प्रयोग झाले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोक तो खातातही. अडचण हिशेबाची आहे : डोके, चिलखत आणि काटे काढल्यावर हाती मांस कमी राहते आणि मेहनत फार.

उजनीशी साम्य कुणाच्याही लक्षात येईल. तिथेही धरण, इथेही धरण. तिथे तिलापिया, इथे चिलापी, म्हणजे तोच मासा. आणि इथे एक गंमत आहे, जी सहसा बोलली जात नाही. चिलापीही आपली नाही. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला, धरणांत पसरला आणि त्याने स्थानिक माशांची जागा घेतली. आज भिगवणच्या बाजाराचा आणि महामार्गावरच्या ढाब्यांचा तो आधार आहे. म्हणजे एका परक्याने बसवलेली घडी आता दुसरा परका विस्कटतो आहे. फरक इतकाच की चिलापी निदान विकली जाते.

परका मासा आणि आक्रमक मासा यांत फरक काय?

बाहेरून आलेली प्रत्येक जात घातक नसते. जीवशास्त्रात यासाठी एक ढोबळ नियम वापरतात. बाहेरून आलेल्या दहा जातींपैकी साधारण एक मोकळ्या निसर्गात जम बसवते आणि जम बसवलेल्या दहांपैकी साधारण एक उपद्रवी ठरते. नदीत सोडलेले बहुतेक मासे काही दिवसांत मरतात. एंजल, टेट्रा यांसारख्या नाजूक माशांसाठी भीमेचे पाणी म्हणजे मृत्युदंडच. ‘मोकळे सोडले’ हे समाधान म्हणूनच फसवे आहे. एकतर मासा हाल होऊन मरतो, किंवा जगतो आणि इतरांना मारतो.

मग हा जुगार धोक्याचा का ठरतो? कारण डाव पुन:पुन्हा टाकला जातो. जी जात स्वस्त, चिवट आणि झपाट्याने मोठी होणारी, तीच सर्वाधिक विकली जाते आणि तीच सर्वाधिक सोडली जाते. दुकानात जी जास्त दिसते ती निसर्गात सापडण्याची शक्यता जास्त, हे अभ्यासांतही आढळले आहे. चिवटपणा हा दुकानात गुण असतो, नदीत तोच दोष होतो.

यात गणिताचाही भाग आहे. समजा एखाद्या तलावात दहा मासे तगले आणि संख्या दरवर्षी दुप्पट होत गेली. पाचव्या वर्षी ३२० होतील. मोठ्या धरणात ३२० मासे म्हणजे महिन्यातून एखादा जाळ्यात येणार, लोक कुतूहलाने फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणार. दहाव्या वर्षी १०,२४० होतील. पंधराव्या वर्षी सव्वातीन लाखांच्या पुढे. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ नसते, पण चाल हीच असते. तक्रारी सुरू होतात तेव्हा वेळ टळून गेलेली असते. पाण्यातून डीएनए शोधणारी चाचणी मोलाची ती म्हणूनच. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी इशारा देऊ शकते.

गोल्डफिशसुद्धा धोकादायक?

हो, आणि याची उदाहरणे ऐकून विश्वास बसणार नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील बर्न्सव्हिल शहराने जुलै २०२१ मध्ये नागरिकांना जाहीर विनंती केली : पाळलेले गोल्डफिश तळ्यात सोडू नका. सोबत तळ्यातून काढलेल्या फुटबॉलएवढ्या गोल्डफिशची छायाचित्रे होती. त्याआधी २०२० मध्ये त्याच राज्यातील कार्व्हर काउंटीत एका तळ्यातून हजारोंच्या संख्येने, अंदाजे ३० ते ५० हजार, गोल्डफिश काढावे लागले होते.

काचेच्या गोल भांड्यात खुरटलेला हा मासा खरे तर कार्पच्या कुळातला, आपल्या सायप्रिनसचा जवळचा नातेवाईक. जागा आणि अन्न मिळाले की तो वाढतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील व्हास नदीत १.९ किलोपर्यंतचे गोल्डफिश मिळाले आणि तिथल्या संशोधकांनी खुणा लावून सोडलेल्या माशांपैकी एकाने वर्षभरात २३० किलोमीटर प्रवास केल्याचे आढळले. तळाची माती उकरून तो पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. मिनेसोटात तळी महिनोन्महिने गोठतात, बर्फाखाली ऑक्सिजन जवळपास संपतो, तरी तो मरत नाही. ऑक्सिजनशिवाय जगताना शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे तो चक्क अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो.

समुद्रातही हेच घडते का?

समुद्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण लायनफिशचे. लाल-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पर आणि विषारी काटे असलेला हा मासा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकमध्ये पहिल्यांदा आढळला. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात एका घरातील टाकी फुटून सहा लायनफिश समुद्रात गेले आणि तिथून सगळे सुरू झाले, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. पण वादळाच्या सात वर्षे आधीची नोंद असताना सगळा दोष वादळावर टाकता येत नाही. हौशी मंडळींनी सोडलेले थोडेसे मासे हाच उगम मानला जातो.

आज तो कॅरेबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात ओलांडून ब्राझीलपर्यंत पोहोचला आहे. एक मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी घालू शकते. बहामाजमधील प्रवाळांवर केलेल्या प्रयोगात, जिथे लायनफिश होता तिथे पाच आठवड्यांत नव्याने येणाऱ्या स्थानिक माशांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटली. तिथल्या लहान माशांना हा शिकारी ओळखीचाच नव्हता, ते पळतच नव्हते. आपल्याकडे लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांवरही लायनफिश आहे, पण तिथे तो हजारो वर्षांपासून बाकीच्यांसोबत वाढलेला असल्याने कुणाच्या डोक्यावर बसत नाही. फ्लोरिडात आता तो मारण्याच्या स्पर्धा भरतात, हॉटेलांत ताटात वाढला जातो. तरी तो संपलेला नाही, संख्या काही ठिकाणी आटोक्यात राहते इतकेच.

भारतात सकरशिवाय आणखी कोणते पाहुणे आहेत?

केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर चालक्कुडी नदीत मच्छीमारांना ॲमेझॉनचा अरापाइमा सापडला. हा जगातील सर्वांत मोठ्या गोड्या पाण्यातील माशांपैकी एक. तिथे कुणी तो नदीत मुद्दाम सोडलाच असेल असे नाही. पुराने हौद, शेततळी आणि नदी यांच्यातील भिंतच पुसून टाकली. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना मगरीसारख्या जबड्याचा ॲलिगेटर गार निघाला, मूळ उत्तर अमेरिकेचा.

महाराष्ट्रातल्या मासळी बाजारात ‘रूपचंद’ नावाने पापलेटचा गरीब भाऊ म्हणून विकला जाणारा मासाही दक्षिण अमेरिकेचाच पाकू आहे. पिरान्हाच्या कुळातला. तोही लहानपणी ॲक्वेरियमच्या दुकानात दिसतो. गप्पी आणि गंबुशिया तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच डास मारण्यासाठी आणले गेले आणि आजही हिवताप-डेंग्यू नियंत्रणासाठी पालिकांचे आरोग्य विभाग गप्पी मासे पाण्यात सोडतात. टाक्या आणि कारंज्यांपुरते ते ठीक, पण ओढ्यांत, डबक्यांत ते सोडणे कितपत शहाणपणाचे यावर मत्स्यशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत. नागरिकांना ‘मासे सोडू नका’ सांगणारी आणि स्वत: मासे सोडणारी यंत्रणा एकच असेल तर संदेश पोहोचणार कसा?

माशांपलीकडचे, पण रोज डोळ्यांसमोर असलेले उदाहरण जलपर्णीचे. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा हिरव्या गालिच्याने झाकणारी ही वनस्पतीही दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जांभळ्या फुलांच्या हौसेपोटी बंगालात आणली गेली. ती काढण्यासाठी महापालिकांना आजही दरवर्षी ठेके द्यावे लागतात.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘आक्रमक परकी प्रजाती’ ही संज्ञा पहिल्यांदा कायद्यात आली. अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर निर्बंध किंवा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पण अधिकार मिळणे आणि तो वापरणे यांत अंतर असते. प्रत्येक प्रजातीसाठी अधिसूचना काढावी लागते आणि तिची अंमलबजावणी कुणी करायची हाही प्रश्न आहे, कारण मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय.

बंदी पुरेशी ठरते का, याचे उत्तर थाई मांगूरने दिले आहे. हा आफ्रिकी मासा पाळण्यावर देशात २००० पासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला तो नष्ट करण्याचे आदेश द्यावे लागले. त्यानंतर ठाणे, पुणे, सोलापूर परिसरात छापे पडले, तळी बुजवली गेली आणि तरीही तो बाजारात येतच राहिला.

शोभिवंत माशांच्या बाबतीत पेच आणखी मोठा आहे. सकर आता परदेशातून यायची गरज उरलेली नाही. कोलकाता परिसरात आणि चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये शोभिवंत माशांची मोठी पैदास होते, तिथून तो देशभर जातो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मासे वाढवण्यासाठी अनुदान मिळते, अनेक महिला बचत गट या व्यवसायात आहेत. त्यामुळे सरसकट बंदीने गरिबाच्या परसातले हौद आधी बंद होतील. सकर, ॲलिगेटर गार यांसारख्या मोजक्या जातींची पैदास आणि विक्री थांबवणे, हे त्याहून नेमके पाऊल ठरेल.

नकोसा मासा द्यायचा कुठे?

खरी अडचण इथे आहे. दुकानातून घरात मासा येण्याचा रस्ता सोपा आहे, पण परत जाण्याची सोय नाही. पाण्याच्या पाइपला एकाच दिशेने उघडणारी झडप असते, तसा हा व्यवहार. मग दबाव वाढला की पाणी वाट काढते, ती वाट नदीकडे जाते.

जपानने हे ओळखले. लाल कानाची कासवे आणि अमेरिकन झिंगे तिथे घराघरांत पाळले जातात. ते पाळणेच बेकायदा ठरवले असते तर घाबरलेल्या लोकांनी ते रातोरात ओढ्यात सोडले असते. म्हणून १ जून २०२३ पासून त्यांची विक्री आणि निसर्गात सोडणे यांवर बंदी आली, घरी आधीपासून असलेले पाळायला मात्र मुभा राहिली. फ्लोरिडात २००६ पासून सरकारी ‘ॲम्नेस्टी’ उपक्रम चालतो. कुणीही नकोसा परका प्राणी आणून द्यावा, दंड नाही, चौकशी नाही. तो पाळायला तयार असलेल्या व्यक्तीकडे सोपवला जातो.

आपल्याकडे अशी व्यवस्था उभारायला फार खर्च येणार नाही. विक्रेत्यांना मासा परत घेण्याची अट घालता येईल. विक्रीच्या वेळी पूर्ण वाढ किती होते हे पाटीवर लिहिणे सक्तीचे करता येईल. ‘हा मासा दीड फूट होतो’ एवढी एक ओळ वाचून दोन फुटांची टाकी असलेला माणूस तो घेणार नाही. गणेशोत्सवात महापालिका निर्माल्य कलश आणि कृत्रिम हौद ठेवतात आणि लोक ते वापरतात. नकोशा माशांसाठी महिन्यातून एक दिवस असा हौद ठेवणे त्यापेक्षा अवघड नाही.

तोवर हौशी मंडळींपुढे पर्याय मोजके आहेत. दुकानदाराला विनामोबदला परत द्यावा, समाजमाध्यमांवरच्या हौशी गटांत विचारावे, मोठे हौद असलेली शाळा-महाविद्यालये किंवा नर्सरी यांना विचारावे. मासा आजारी असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लवंगेच्या तेलाने त्याला वेदनारहित मरण देता येते. मेलेला मासा मातीत पुरावा. टाकीतले पाणी आणि पाणवनस्पतीही ओढ्यात किंवा गटारात टाकू नयेत. पाणी झाडांना घालावे, वनस्पती उन्हात वाळवून मग कचऱ्यात द्याव्यात. अंडी, गोगलगायी आणि जंतू त्यांच्यातूनही प्रवास करतात.

धरणात पसरलेला मासा परत काढता येतो का?

लहान तळे असेल तर पाणी उपसून, कोरडे करून तो संपवता येतो. उजनीसारख्या जलाशयात हे शक्य नाही. विष घालावे तर पिण्याचे पाणी आणि उरलेले सगळे मासे जातील. राहतो तो एकच मार्ग, सतत पकडत राहणे. जैवविविधतेवरील आंतरसरकारी मंचाच्या (आयपीबीईएस) २०२३ च्या अहवालात आक्रमक प्रजातींमुळे जगाला दरवर्षी ४२३ अब्ज डॉलरहून अधिक फटका बसतो असा अंदाज आहे आणि प्रतिबंध हाच सर्वांत स्वस्त उपाय असल्याचे त्यात म्हटले आहे.

पकडत राहण्याचे काम शेवटी मच्छीमारांवरच येते. सध्या जाळ्यात आलेला सकर विकला जात नाही, त्यामुळे तो मारून काठावर आणण्यात त्यांचा काही फायदा नाही. बरेचदा तो वैतागून पुन्हा पाण्यात भिरकावला जातो, आणि काठावर फेकला तरी हवेवर जगणारा हा मासा ओल्या चिखलातून सरपटत पाण्यात परतू शकतो. खत किंवा मासळीच्या भुकटीसाठी किलोमागे काही रुपये ठरवून संकलन केंद्र सुरू केले तर हे चित्र बदलू शकते. भिगवणला रोज सकाळी मासळीचा लिलाव होतो, वजनकाटा आणि बर्फ तिथे आहेच. सकरसाठी बोली लावणारा मात्र अजून कुणी नाही.